मेट्रनबाईंनी पाहिलेलं गाऱ्हाणं

रत्नागिरी, गुरुवार

ती. चिमाआत्यास शमिकाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? काठी वापरतेस ना, की नुसती पाहुण्यांना दाखवतेस? (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.) इकडे सगळे मजेत आहेत आणि मी जरा जास्तच, कारण मी जर्मनीला जाणार आहे. हे ठरलं आहे. व्हिसा, भाषेची परीक्षा आणि बाबांची परवानगी एवढंच बाकी आहे.

तू म्हणशील, मोबाइलवर रील बघून कुणी नोकरी ठरवतं का? मी ठरवली. संगमेश्वरची पूर्वी नावाची मुलगी, माझ्याच नर्सिंग कॉलेजची, तिकडून रील टाकते. पांढरेशुभ्र बूट, खिडकीबाहेर बर्फ आणि पेशंटच्या खाटेभोवती एकही नातेवाईक नाही. या शेवटच्या गोष्टीवर मी भाळले. पण मी काही खुळी नाही. तिला सरळ विचारलं, रीलमध्ये काय दाखवत नाहीस? म्हणाली, पहिले सहा महिने बाथरूममध्ये बसून रडले, ते. तरी जाणार. इथे तर रडायलाही वेळ मिळत नाही.

मग आईने गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. सदू गुरवांनी मला बाजूला घेऊन अडचण विचारली. मी भोळेपणाने सांगितलं, की बाहेर जायला अनुभवाचा दाखला लागतो आणि आमच्या मेट्रन गुणवंतीबाई तो काही देत नाहीत. सदूकाकांचं काम चोख. नारळ ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "बा म्हाराजा, ह्या लेकराला जर्मनीस जायाचा हाय. दवाखान्यातली गुणवंतीबाय कागुद अडवून बसलीय, तिला सुबुद्दी दे!" मागून तीस माणसं एका सुरात, "व्हय म्हाराजा!" आणि रितेशने (तुझा लाडका भाचा) हे सगळं मोबाइलवर घेऊन, मला टॅग करून, जगाला दाखवलं.

सोमवारी बाईंनी केबिनमध्ये बोलावून व्हिडिओ दोनदा लावला. दुसऱ्यांदा आवाज वाढवून. म्हणाल्या, तक्रार असेल तर अर्ज करायचा, एकदम इतक्या वर जायचं नाही. मी माफी मागितली, पण जाणार हेही सांगितलं. पाच वर्षं चौघीजणी आठजणींचं काम करतोय. मला हे काम मनापासून आवडतं आत्या, म्हणूनच ते नीट करता येईल तिथे जायचंय. बाई म्हणाल्या, हे खूळ आलं कुठून ते दाखव. मी त्या पूर्वीने टाकलेले रील लावून दिले. चहा गार झाला तरी त्यांची मान वर झाली नाही.

तुझी,
शमिका

ता. क. पत्राचं खरं कारण. तू नर्स असताना बाई तुझ्या हाताखाली शिकल्या आणि अजून तुला घाबरतात. फोन करून दाखल्यावर सही करायला सांग.

ता. क. २. वरचं खोडलेलं समज. पत्र पाकिटात घालायच्या आत बाईंनी दाखला सहीशिक्क्यासह हातात ठेवला. फोन मात्र कर, आजच्या आज कर. दाखला देताना त्यांनी विचारलं, जर्मनच्या क्लासला वयाची अट आहे का? नाही म्हटल्यावर दुपारीच नाव घालून आल्या. येत्या सोमवारपासून माझ्याच बॅचला, माझ्याच बाकावर. आत्या, त्यांना आवर.