तेल घालायचं राहिलं

तात्या, निरवांगीच्या आबांची ती तांबडी गाडी यंदा परत आली. दोन दारांची, दोन सीटांची, इतकी ठेंगणी की गतिरोधक आला की पोट घासायचं, तीच. मागं ती तुमच्या शेडमध्ये आली होती, आता माझ्या. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळं तुम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता. आबांचा मुलगा ट्रकवर चढवून घेऊन आला आणि म्हणाला, "एसीचा नवा किट बसवू नका. कंपनीतनं आला व्हता तसाच एसी पायजे. आबांचं वय झालंय, त्यांना एकदा त्या गारव्यात बसायचंय." मी लगेच हो म्हणालो. एरवी असलं किचकट काम आलं की मी शंभर सबबी सांगतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

बॉनेट उघडलं आणि कॉम्प्रेसर दिसला. बिडाचा, जड, दोन पिस्टनचा. पाना लावून फिरवायला गेलो तर जागचा हलला नाही. हलणार कसा? कारागिरांना चहाला पाठवलं आणि एकट्यानं उघडला. आत कोरडा ठणठणीत. पिस्टन सिलिंडरला चिकटलेले, भिंतींवर उभे ओरखडे. माझ्याच हातचं काम, तात्या. सव्वीस वर्षं तसंच झाकून राहिलेलं. मी स्टूल ओढून खाली बसलो. पोरं चहा घेऊन आली तेव्हा उगाच त्यांच्यावर खेकसलो.

तुमची एक पद्धत होती. कॉम्प्रेसर उतरवला की त्यातलं तेल काचेच्या बाटलीत मोजून काढायचं आणि बाटली नेऊन ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची. तेवढंच नवं तेल परत घातल्याशिवाय बाटली उचलायची नाही. बाटली सीटवर असली की कुणी गाडीत बसूच शकत नाही. मला त्या पद्धतीचा राग यायचा. तुमच्या हाताखाली शिकणारा सव्विशीतला मी, लग्न झालेला, स्वतःला पक्का मेस्त्री समजणारा. हा काय पोरखेळ, असं मनातल्या मनात म्हणायचो.

ही गाडी शेडमध्ये होती त्या दिवशी तुम्ही एमआयडीसीत डेअरीच्या कोल्ड रूमवर गेलेले आहात. जाताना सांगता, "शाफ्टचं सील बसवून ठीव. तेल अन् गॅस मी आल्यावर बघतो." सील बसवायला मला दीड तास लागतो. कॉम्प्रेसर चढवतो. मग किल्लीकडं लक्ष जातं. आबा गाडी न्यायला संध्याकाळी येणार आहेत. पळसदेव, माझी सासुरवाडी, तासाभराच्या अंतरावर. मेव्हण्यानं दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलेलं असतं, "दाजी, फ्रिज दुरुस्त करता म्हणं तुमी?" ते अजून डोक्यात असतं. मी गॅस भरतो, तेल न घालताच बाटली सीटवरून उचलून टेबलाखाली सारतो आणि बसतो. बस्स, एवढंच.

काय मिजास केली म्हणून सांगू! उन्हाळ्याचे दिवस, धरणाचं पाणी उतरलेलं, जुनं देऊळ उघडं पडलेलं. तिथं काठावर गाडी उभी केली आणि एसी पूर्ण सोडला. अख्खी आळी जमली. सासरे तोंड एसीच्या जाळीसमोर धरून म्हणाले, "आरं देवा, हितं तर हिवाळा हाय!" मेव्हणा गाडीभोवती फेऱ्या घालत होता. बायको दारात उभी राहून हसत होती. सुखाची अशी दुपार मला पुन्हा आली नाही, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

परतीला भिगवण मागं पडल्यावर कॉम्प्रेसर जाम झाला, पट्टा किंचाळला आणि जळक्या रबराचा वास आला. पट्टा कापून टाकला आणि कशीबशी गाडी शेडमध्ये आणली. तुम्ही टेबलापाशी उभे होता. हातात ती भरलेली बाटली. तुम्ही गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी "पळसदेवला..." एवढंच म्हणालो आणि तुम्ही काही बोलायच्या आत आबा आले. आणि तुम्ही म्हणालात, "आबा, माझ्या हातनं घोटाळा झाला. तेल घालायचं राह्यलं अन् गाडी चालवून बघितली. ह्यो आज सासुरवाडीला गेला व्हता, मी एकटाच व्हतो." आबा जे काही बोलले ते तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. शेजारचा टायरवाला, पलीकडचा वेल्डर, सगळे ऐकत होते. मीही ऐकत होतो.

आबा गेल्यावर तुम्ही हात धुतलेत आणि मला एवढंच म्हणालात, "चालवायची हौस व्हती तर सांगायचं व्हतंस. मी सोता किल्ली दिली असती." मी विचारलं, तुम्ही का आपल्यावर घेतलंत. "तुजं नाव अजून व्हायचंय," म्हणालात, आणि टॉवेल दोरीवर टाकलात. आजही वाटतं, चारचौघांत एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

नंतरचं तुम्हाला सांगायला नको. आबांचा गोतावळा मोठा. 'विसरभोळा मेस्त्री' हे नाव इंदापूरपर्यंत पोचलं. गाड्या यायच्या बंद झाल्या आणि वर्षाच्या आत तुम्ही शेड सोडून त्याच डेअरीत पाळीवर लागलात. मी स्वतःचं दुकान टाकलं. तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. मी आडून आडून एवढंच म्हणायचो, "वय झालं की होतं असं." तुम्ही तेव्हा पन्नाशीचेही नव्हता.

असो. या गाडीला तीन महिने लागले. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नव्या नळ्या, स्लीव्हा, करून घेतल्या. बाकी जुनं जपलं. कूलिंग कॉइलमध्ये मुंग्यांनी माती भरली होती, ती ब्रशनं काढली. जुना गॅस आता मिळत नाही, म्हणून नव्या गॅसला चालतील अशी सगळी सिलं आणि तसंच तेल घातलं. डॅशबोर्डचं बटणसुद्धा मूळचंच ठेवलं. चालू केला तेव्हा जाळीतून आधी धूळ आली, मग गार वारा. काम उत्तम झालं, तात्या. तुम्ही नावं ठेवली नसतीत.

आबा आले, आत बसले, डोळे मिटले. मग म्हणाले, "त्या विसरभोळ्यानं वाट लावली व्हती. तू जीव आणलास गड्या." आता मात्र मला राहवलं नाही. दाराशी वाकून सगळं सांगून टाकलं. बाटली, पळसदेव, सगळं. घाम फुटला होता. आबांनी ऐकलं आणि खो खो हसले. "आरं, इतकी वर्सं झाली, कशाला उकरतोस! पण कबूल केलंस बघ. असा प्रामाणिक माणूस हल्ली मिळत न्हाय." माझी पाठ थोपटली आणि मुलालाही बोलावून सांगितलं. प्रामाणिक! आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. छाती फुगली. तसाच माझी गाडी काढून, पेढे घेऊन, मी तुमच्या घरी काकूंकडं गेलो.

मला सव्वीस वर्षं वाटत होतं की तुम्ही काकूंना सांगितलं असेल. बायकोपासून कोण लपवतं? काकू मला चहा देतात, पोरांची चौकशी करतात, म्हणजे त्यांनी माझा अपराध पोटात घातलाय, या भरवशावर मी त्यांच्या घरी जात राहिलो. मी आबांची गाडी दुरुस्त झाल्याचं सांगितलं तर काकू पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "त्या गाडीपायी लई बोलले बाबा मी त्यांना. म्हणायची, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? तर म्हणायचे, व्हय, राह्यलं खरं. मग काय, बाहेर पडले की निम्म्या गल्लीतनं माघारी येऊन कुलूप बघायचे. गॅसचं बटण तीनदा बघायचे. शेवटी शेवटी मलाच इचारायचे, मी जेवलो का गं? ते खरंच इसरत व्हते का माझ्या बोलण्यानं तसे झाले, द्येव जाणं."

मी पेढ्याचा पुडा तसाच मांडीवर धरून बसलो होतो.

काकू म्हणाल्या, "तू त्या दिवशी सासुरवाडीला गेला नसतास तर तू त्यांना तेलाची आठवण करून दिली असतीस. न्हाय का?"

मी म्हणालो, "व्हय काकू."

तात्या, आबांना सांगताना मला घाम फुटला होता, पण त्यात माझं काही जाणार नव्हतं. इथं काकूंच्या हातचा चहा जाणार होता, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला दुसऱ्यांदा विसरभोळं ठरवलं. या वेळी तुम्ही पुढं होऊन आपल्यावर घेतलं नाहीत. मीच ढकललं.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो. चार पानं झाली. बायको विचारून गेली की कुणाला लिहिताय, मी म्हणालो, कंपनीला. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, ते मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तुम्हाला लिहिलं ते तुम्ही वाचणार नाही म्हणून. काकूंना वाचता येतं, म्हणून त्यांना लिहिलं नाही.