बोटानं बसवलेला प्लग

आप्पा,

परवा सकाळी गाडीचा प्लग काढला आणि भोकात करंगळी घातली, तिथं माझं सगळं फिरलं. आत उखडलेले आटे लागतील, बोट कापेल म्हणून बिचकतच घातली होती. लागले ते गार, एकसारखे आटे. मोबाइलची टॉर्च मारून बघितलं तर आत पिवळी कड. पितळेचं बूश, नवे आटे पाडलेलं. अकरा वर्षं मी ज्या भोकाकडं बघायचं टाळलं, ते कुणीतरी लेथवर नेऊन नीट करून आणलेलं होतं. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. प्लग काढायला पाना लागलाच नव्हता. मी पान्यावर जोर द्यायला गेलो आणि तो सुळकन फिरला, पुढं बोटानंच निघाला. तुम्ही आणि न आवळलेला प्लग? शेजारच्यांचा मिक्सर दुरुस्त करून दिल्यावर स्क्रू आवळले का, म्हणून अर्ध्या जेवणातनं उठून जाणारा माणूस तुम्ही.

गाडीवरची चादर मी का काढली, ते आधी सांगतो. कॉलेज सोडून सात महिने झाले. पेठेतल्या घरांत नळाचे वायसर बदलतो, कूलरचं गवत भरतो, पाण्याच्या मोटारी खोलतो. माग दुरुस्त करणारे जॉबर तुम्ही, म्हणून लोक अजून म्हणतात, जॉबरचा पोरगा हाय, हात बापाचाच हाय. ते ऐकून बरंही वाटतं आणि डोकंही फिरतं, माझं डोकं फिरायला तसं फार काही लागत नाही. तर माझ्या मनात आलं, गाडी चालू करायची आणि एकदा, एकदाच, एका पोरीच्या दारावरनं न्यायची. तुमच्या गाडीचा फटफट आवाज अख्ख्या पेठेत दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. ती आतनं ऐकेल आणि बाहेर येईल, एवढाच माझा बेत. हसू नका. आजोबा अकलूजच्या कारखान्यातल्या साहेबाकडनं ही गाडी घेऊन येताना टेंभुर्णीच्या चौकात ती बंद पडली, तर त्यांनी भर रस्त्यात खांद्यावरचा टॉवेल अंथरून इंजिन खोललं आणि तुम्हाला, आठ वर्षांच्या पोराला, नट राखायला बसवलं, हे तुम्हीच शंभरदा सांगायचात. शहाणपणा आपल्या घरात कधी नव्हताच, गाडी होती.

तुमचा रविवार मला अजून दिसतो. तुम्ही मोरीजवळ बसलेले आहात, पुढं मागावरची डागी चादर अंथरलेली आहे, तिच्यावर सुटे भाग डावीकडून उजवीकडं, निघाले त्या क्रमानं मांडलेले. एका रविवारी गाडी, पुढच्या रविवारी पंखा, कधी स्टोव्ह, कधी दाराची कडी. काही बिघडलं की तुमचा चेहरा उजळायचा. "काय झालंय ते तिलाच इचारू की," म्हणायचात आणि खोलायला बसायचात. आणि मला एकच नियम. आधी बोटानं बसव. बोटानं जात नसेल तर काहीतरी तिरकं आहे, काढ, पुन्हा लाव. पाना शेवटी, आवळायला. पान्यानं बसवायचं नाही.

मी पान्यानं बसवला. दहा वर्षांचा होतो. तुम्ही चहा प्यायला आत गेला होता आणि तुम्ही यायच्या आत प्लग लावून दाखवायचा होता. करकर असा आवाज झाला, भोकातनं चांदीसारखा चुरा निघाला. तुम्ही कप हातात घेऊनच आलात. मी मार खायला गाल पुढं केला होता. तुम्ही मारलं नाही. चुरा बोटावर घेऊन बघितलात आणि म्हणालात, "आटे गेले. झालं, संपली गाडी. तुज्यामुळं संपली." मग तीच चादर गाडीवर टाकली. दुसऱ्या दिवसापासनं तुम्ही शेअर रिक्षानं मागाच्या शेडवर जायला लागलात. कोपऱ्यावर पानवाला विचारायचा, "काय जॉबर, गाडी कुटं?" आणि तुम्ही हसत सांगायचात, "ह्या साहेबांनी आटे घालवले की." मी तुमचं बोट धरून उभा असायचो. चार महिन्यांनी तुम्ही मागाजवळ खाली बसलात ते उठलाच नाहीत. तुम्हाला माहीत नसेल, मी बरीच वर्षं समजत होतो, की गाडी असती तर तुम्ही गेला नसता. का, ते मला सांगता आलं नसतं. पण समजत होतो.

म्हणून ते पिवळं बूश बघितल्यावर मला बसवेना. प्लग मुठीत घेऊन तसाच मागच्या गल्लीतल्या लेथवाल्या चाचांकडं गेलो. आता त्यांना दिसत नाही नीट, मशिनीवर मुलगा असतो. त्यांना म्हटलं, आमच्या गाडीच्या हेडला बूश तुम्ही घातलं का? ते लगेच म्हणाले, "मैंच डाला. तेरे पप्पा गाडी ढकलते लाए थे. कोपरे तक दो बार बैठे. काम हुआ तो मैं बोला, अब किक मारके जाव की. बोले, नक्को, डाक्टर मना करा." मी विचारलं, कधीची गोष्ट? "तूने बिगाडी, उसके चौथे-पाँचवें रोज." मग म्हणाले, "किसीको बोलो मत बोले थे. अब तो बोलने में हर्ज नै ना?"

घरी आलो. आई मशिनीवर टॉवेलच्या कडा शिवत होती.

"आई, आप्पांनी गाडी नीट करून आणली हुती. तुला म्हाईत हुतं?"

मशीन थांबली. "कळलं व्हय तुला?"

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? डॉक्टरनं वजन उचलू नका, किक मारू नका म्हणलंय? शेडवर मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा जॉबर आला असता. जो तो इचारणारच, गाडी का आणत न्हाई म्हणून. तेवढ्यात तुजं निमित्त घावलं."

"मी धा वर्साचा हुतो, आई."

"व्हय की. मी बी हेच म्हणलं हुतं त्यास्नी." तिनं दोरा दातानं तोडला. "तर म्हणाले, पोरगं हाय, इसरंल."

इसरलो न्हाई, आप्पा.

मला लई राग आला. मोरीतली बादली लाथाडली, ती अजून चेपलेली आहे, मीच ठोकून सरळ करायची आहे. पण राग ओसरल्यावर जे उरलं ते कुतूहल. खरंच विचारतो. पानवाल्याला पहिल्यांदा सांगताना तुमची जीभ अडली का? आणि दुसऱ्यांदा? किती वेळा सांगितल्यावर ते तुम्हालाच खरं वाटायला लागलं? ओझं माझ्यावर ठेवायचं होतं, तर मग दम लागत असताना गाडी ढकलत लेथवर का नेलीत? आणि प्लग बोटानंच बसवून का सोडलात? पाना फिरवायला छातीत जोर उरला नव्हता म्हणून, की शेवटचं आवळणं माझ्यासाठी ठेवलं होतं म्हणून? दोन्ही उत्तरं मला पटतात.

हे सगळं विचारणारा मी कोण लागून गेलो, हे तुम्हाला पुढचं वाचून कळेल.

ती पोरगी दोन गल्ल्या सोडून राहते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या घरी तेलुगू बोलतात. त्यातलं 'रा' म्हणजे ये आणि 'पो' म्हणजे जा, एवढंच मला येतं आणि तिच्याकडनं मी आजवर 'पो'च ऐकलंय. तरी बसस्टॉपवर दोन वर्षं आम्ही बोलायचो. ती हसून बोलायची, मी त्यातनं काय काय समजून बसलो. एकदा आमच्या कॉलेजच्या गेटवर एकजण तिच्याबद्दल घाणेरडं बोलला. मी त्याच्याच हेल्मेटनं त्याच्या गाडीचा आरसा फोडला आणि नंतर त्याचं नाक. पेठेत बातमी पोचायला संध्याकाळ लागली नाही. त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, चार विषय नापास, वर्ष गेलं. मी मार्कशीट गाडीच्या सीटखाली सरकवली, कारण त्या चादरीला घरात कुणी हात लावत नाही, आणि कॉलेजला जायचं बंद केलं. सगळ्यांनी आपापलं जुळवलं, पोरीपायी शिक्षण सोडलं. आईनंही तेच धरलं. मी गप्प बसलो. नापास झालेल्या पोरापेक्षा प्रेमात बरबाद झालेला पोरगा जरा रुबाबदार दिसतो.

गप्प बसलो एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. गेल्या महिन्यात ती पिठाच्या गिरणीत भेटली. डबा कमरेवर, केसांवर पिठाची धूळ. गिरणीच्या आवाजात तिला दोनदा विचारावं लागलं. "खरं सांग, माझ्यामुळं सोडलंस का कॉलेज?" माझ्या तोंडाशी खरं आलं होतं. पण तिचे डोळे माझ्यावर होते, पहिल्यांदाच असे, आणि मी म्हणालो, "व्हय." मला वाटलं ती विरघळेल. ती म्हणाली, "मग मी आता काय करू? पाया पडू तुझ्या?" डबा उचलला आणि गेली. तेव्हापासनं ती दिसली नाही.

का दिसली नाही, ते परवा आईनंच सांगितलं. मी बादलीच्या पाण्यानं ओली झालेली फरशी पुसत होतो, आई बोलत होती; शिवायचे टॉवेल आणायला ती आणि त्या पोरीची आई एकाच ठिकाणी जातात. "तिला घरी बसवलीया. परीक्षेचा फॉर्म भरायला परवा शेवटचा दिवस हाय म्हणं, बाप भरू देत न्हाई. म्हणतो, हिनं लोकाच्या पोराचं वाटुळं केलं, आता गप घरात बस." आई पुढं म्हणाली, "पोर गरीब हाय रे. तू बी काय बघून..." आणि मशीन चालू केली.

माझ्या हातात फरशीचं फडकं तसंच राहिलं. आपलं दुखणं लपवायला तुम्हाला एक निमित्त घावलं होतं आप्पा, मलाही घावलं. तुमचं निमित्त दहा वर्षांचं होतं, तुम्हाला वाटलं ते विसरेल. माझ्या निमित्ताचा आज फॉर्म राहील. तुम्हाला निदान नोकरीची भीती होती. मला कशाची होती? चार लाल आकड्यांची.

कालचा दिवस मी भ्यालो आणि घालवला. चेपलेल्या बादलीकडं बघत बसलो. आज तो शेवटचा दिवस. म्हणून सकाळीच हे लिहायला घेतलं, आणि मधेच उठून प्लग बसवून आलो. बोटानं. सरळ गेला, शेवटपर्यंत, कुठं अडला नाही. पाना लावला नाही. आवळायचं ते परत आल्यावर. सीटखालनं मार्कशीट काढून खिशात घातली आहे. ती तिच्या वडिलांपुढं उलगडून ठेवायची आणि एवढंच म्हणायचं, पोरीचा काही संबंध नाही, मी नापास झालो. ते ओरडतील. हात उगारतील. माझं डोकं फिरेल तेव्हा बोटानं, बोटानं असं मनात म्हणत उभा राहणार आहे, बघू किती जमतंय. ती बाहेर येईल न येईल. आली तर बहुतेक 'पो'च म्हणेल. गाडीचा आवाज नाही, काही नाही, चालतच जाणार आहे.

हे पत्र मार्कशीटच्या जागी, सीटखाली ठेवतो. दुसरीकडं कुठं पाठवणार?

एक राहिलं. त्या रविवारी प्लग तिरका चाललाय हे मला कळलं होतं. दुसऱ्याच वेढ्याला बोटाला अडलं होतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो, म्हणून आज न विचारता सांगतो. कळलं होतं, तरी पाना लावला. गिरणीतही तसंच.

आई आतनं विचारतेय, "कुटं निघालास, चहा तरी घे." आलोच, म्हटलं. आपलं दार अजून फरशीला घासतं, तुम्ही ते करायचं ठेवून गेलात आणि मी मुद्दाम केलं नाही. तुमच्यासारखंच कडीला धरून जरा उचलतो, बाहेर येतो, आणि ओढून घेतो.