धाकटा झाडाखाली उभा आहे

१ फेब्रुवारी, लातूर

नांदेडच्या एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावलंय. चोवीस तारीख. विषय — 'लोककथेची रचना आणि नायक'. माझ्यासारख्या टवाळ सदर लिहिणाऱ्याला नायकाबद्दल विचारतात, म्हणजे माणसं संपलेली दिसतात. नायक मात्र भरपूर! चौकातल्या फ्लेक्सवर बघा. मध्ये वाढदिवसाचा वाघ, खाली तीस शुभेच्छुक.

रचना सोपी आहे. नायक घर सोडतो, संकट येतं, मदतनीस भेटतो, विजय, परत. पाच स्लाइड. लातुरात राहून पॅटर्न काढला नाही तर पाप लागतं.

उदाहरण म्हणून केवळामावशीची धाकट्याची गोष्ट घेणार. लहानपणी सुट्टीत निलंग्याला गेलो की ऐकायचो. शेवट कधीच ऐकला नाही. दरवेळी आधी झोप लागायची.

८ फेब्रुवारी, निलंगा

एसटीने आलो. मावशी ब्याऐंशीची, आवाज खणखणीत. मुलगा पुण्याला कंपनीत. घरात ती आणि सून रेणुका.

मोबाइल मावशीसमोर ठेवला. रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून रेणुकाला कुकर लावू दिला नाही. स्वतःही तोंड मिटून बसलो.

गोष्ट अशी — गावाचं पाणी राक्षसाने पळवलं. तीन भावांतला धाकटा ते आणायला निघाला. जाताना बहिणीला म्हणाला, जातं फिरवत राहा. जातं फिरतंय तोवर मी जिवंत. ती दळायला बसली, तो निघाला. सात रानं ओलांडली, पुढे एक वड लागला...

मावशी थांबली. मीही थांबलो. वाटलं, विसरली.

"मेलास का रे भीमा? हुंकार कोण देईल?"

ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हं' म्हणायचं असतं, हे साफ विसरलो होतो! म्हटलं, मावशी, माझा आवाज मध्ये येईल.

"मग त्या डबीलाच विचार पुढचं. हुंकार न्हाई तर धाकटा चालंल कसा? उभा ऱ्हाईल झाडाखाली."

आणि रुसली ती रुसलीच. रेणुकाला विचारलं, तुला तरी शेवट माहीत असेल? ती रोज हुंकार देते म्हणे, भाकरी थापता थापता. पण शेवटापर्यंत जाईतो दूध उतू जातं, नाहीतर कुणी दार वाजवतं.

तीनची गाडी गाठायची होती. पुढच्या रविवारी येतो म्हणालो, हुंकारासकट.

१२ फेब्रुवारी

रेणुकाचा फोन. मावशीला लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचाही.

माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की गोष्टीचा शेवट आता राहिला. लिहून ठेवतो. पुढे वाचताना लाज वाटायला हवी.

१५ फेब्रुवारी, निलंगा

दवाखान्यातून घरी आणलंय. डोळे लख्ख, कळतं सगळं. शब्द नाही. घशातून फक्त एक 'हं' येतो. पाणी हवं — हं. कूस बदलायची — हं. सगळे सारखेच. रेणुका कसे ओळखते कुणास ठाऊक.

चादर पिळता पिळता तिने सांगितलं, किनवटला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं माहेरी गेलेली नाही. आज ऊन जास्त आहे म्हणावं, तसं सांगितलं. मी 'अरेरे' म्हणालो आणि चहा प्यायलो.

१६ फेब्रुवारी

सकाळी सुचलं. मावशीजवळ बसलो आणि गोष्ट मीच सांगायला घेतली. पहिल्याच वाक्याला — हं! बहीण दळायला बसली — हं. सात रानं — हं. वड — हं.

पुढचं मला ठाऊक नव्हतं. स्लाइडच्या हिशोबाने हाकला. साधू भेटला — हं. राक्षस मेला — हं. पाणी गावाकडे वळलं — हं. धाकट्याला हत्तीवर बसवला —

गप्प.

अर्धं राज्य दिलं. गप्प. राजकन्या दिली. गप्प. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्याला दिलं. मावशी आपली पत्र्याकडे बघतेय.

वैतागून म्हटलं, मग काय, घरी गेला? — हं.

दारात आला — हं. बहीण दळतच होती — हं. तिला म्हणाला, ऊठ आता, मी आलो.

गप्प.

मी अडकलो. मागे रेणुका दारात उभी होती, हात राखेने भरलेले.

"पण भाऊजी, जातं थांबलं की हा मरंल न्हवं? मग ती उठंल कशी?"

मग म्हटलं, धाकटा तिच्यासमोर बसला. फिरत्या जात्याचा खुंटा त्यानं धरला. मग म्हणाला, आता सोड.

मावशीचा हं शेजारच्या पंचफुलाबाईंनाही ऐकू गेला असेल.

१७ फेब्रुवारी

स्लाइड पुन्हा बघितल्या. पाचही धाकट्याच्या. दळणारीची एकही नाही. ती उठली असती तर हा पहिल्याच रानात संपला असता.

आणि मी? तीनच्या गाडीवाला.

२० फेब्रुवारी

नांदेडला कळवलं, येत नाही. सदर इथूनच पाठवीन. अंघोळ घालायला पंचफुलाबाई येतात, बाकी मी.

रेणुका सकाळच्या गाडीने किनवटला गेली, पंधरा दिवस.

मावशीने आतापर्यंत तीनदा 'हं' केलं. एक पाण्याचा. एक कुशीचा. तिसरा अजून कळला नाही. शिकतोय.