धाकटीचा वाटा

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही म्हणाले! म्हणजे “आत्ता नाही” म्हणाले. रक्तगट जुळतो, हृदय चांगलं, मूत्रपिंडं ठणठणीत — आणि यकृतावर चरबी. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मला नुसतं पांढुरकं धुकं दिसलं. “ह्यातला मोठा तुकडा काढून बहिणीला द्यायचा, तर राहील तो तुम्हाला पुरायला हवा ना,” म्हणाले. वजन उतरवा, चरबी उतरेल. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा बघू.

तोवर ती थांबेल का, विचारलं. म्हणाले, “औषधांवर ठेवू. तुम्ही तुमचं करा.”

धाकटी बाहेर बाकावर बसली होती, मेहुणे शेजारी. डोळे पिवळेजर्द, पोट पाण्याने टम्म, हातपाय मात्र काड्या. माझा चेहरा बघूनच कळलं तिला.

“काय ग ताई, नापास?”

“हो.”

“आयुष्यात पहिल्यांदा! आई असती तर पेढे — नको, तुला नकोत पेढे.” आणि हसली. मेहुणे नाही हसले.

घरी आले आणि ओट्याशी उभ्याउभ्या अख्खा पाव संपवला. लोणी थापून. आजच्या आज!


५ फेब्रुवारी, बुधवार

कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

चारचौघांत मी चिमणीएवढं खाते. सगळे म्हणतात, हिचं अंग हवेवर वाढतं. पण दातांच्या लॅबमधून मी लवकर सुटते आणि हे उशिरा येतात — कुणाचा ना कुणाचा फ्रिज रोज बिघडलेलाच असतो. मधला वेळ घर माझं एकटीचं. बिस्किटांचा पुडा. तो संपला की दुसरा. गोड जास्त झालं म्हणून खारे शेंगदाणे. खारट झालं म्हणून जॅम, चमच्याने. पोट दुखायला लागलं की हात थांबतो, आधी नाही. मग रिकामे पुडे पिशवीत, पिशवी खाली कचऱ्याच्या डब्यात, अगदी तळाशी.

चला. आजपासून बंद.


८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नुसता चहा. दुपारी दोन काकड्या. लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासल्या — दुसऱ्यांना चावता यावं म्हणून! लॅब सांभाळणारे मास्तर म्हणाले, “बाई, लक्ष कुठे आहे तुमचं? सुळा वाकडा बसला.” काढून पुन्हा बसवला.

पण जमतंय. डोकं दुखतं, पण जमतंय.


१० फेब्रुवारी, सोमवार

जमलं नाही.


११ फेब्रुवारी, मंगळवार

काल काय काय खाल्लं ते लिहायला बसले होते. नाही लिहीत. भाताचं पातेलं रिकामं केलं एवढं पुरे. ह्यांना सांगितलं, भात करपला म्हणून टाकला. पुन्हा लावला. वर त्यांच्यासोबत दोन घास खाल्ले, तोंडदेखले.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

रुग्णालयातल्या आहाराच्या बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, कुणीतरी शिडशिडीत, नाक वर करून बसलेली असेल. बाई माझ्याहून जाड! मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

“मी निम्मी झालेय आधीच्या,” म्हणाल्या. “बोला.”

मी काकड्यांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, दिवसभर जिवाला उपाशी मारायचं आणि संध्याकाळी त्याने तुमचं ऐकायचं? कसं ऐकेल? वरून उपासमारीने यकृत आणखी बिघडेल ते वेगळंच.”

सकाळी खायचं. दुपारी नीट जेवायचं. घरी गेल्या गेल्या, वखवख सुटायच्या आधी, ताटलीत घेऊन, बसून खायचं — अंडं, पावाचा तुकडा, फळ. उभ्याने काही नाही. आणि घरात एका तरी माणसाला सांगायचं.

हे शेवटचं अवघड.


२२ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं. आठवडाभर ओठांवर येऊन परत जात होतं. आज हे कॉम्प्रेसर उघडून बसले होते, मान खाली, तेवढ्यात सांगून टाकलं. सगळं. पुडे, पिशवी, करपलेला भात.

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे उंदीर नाहीत?”

“नाहीत.”

“अग, मी दोनदा सापळा लावला!”

मला हसू यायला लागलं, मग रडू, मग काय ते कळेना. त्यांनी हात पुसले. विचारलं, मी काय करू? मी म्हटलं, खाण्याच्या कपाटाला कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे ठेवा.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांनी लावलेलं कुलूप तसंच राहिलं. मी बिजागरीचे स्क्रू काढले. त्यांच्याच पेचकसाने.

दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि फरशीवर बसून खाल्लं. मेहुण्यांचा दुपारी फोन आला होता — धाकटीच्या पोटातून पुन्हा पाणी काढलं. त्यावर मी काय केलं? बिस्किटं खाल्ली! नंतर दार बसवायला गेले तर बसेना. तिरकं लोंबकळत राहिलं. हे यायची वेळ झाली. मी तिथेच बसून राहिले.

आले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पेचकस उचलला.

“एक स्क्रू उलट्या बाजूने घातलायस.”

दार सरळ केलं. मग कुलूप काढलं आणि हत्यारांच्या पेटीत टाकलं. “तू काय चोर आहेस का,” म्हणाले. खाली माझ्याशेजारी बसले. पुड्यात तीन बिस्किटं उरली होती, ती त्यांनी खाल्ली. “मऊ पडलीत ग. ही कशी खाल्लीस?”

मला कळलंही नव्हतं मऊ आहेत ते.


१ मार्च, शनिवार

सकाळी खाल्लं. दुपारी जेवले. घरी येऊन अंडं, पाव, सफरचंद. बसून. एवढंच.


६ मार्च, गुरुवार

खाऊन उठले तरी आलीच ती वखवख! पोट भरलेलं, आणि हात कपाटाकडे.

काय करावं सुचेना. मग लॅबमधलं प्लास्टर आठवलं. साच्यात ओतलं की आधी थंडगार असतं. मग आपलं आपणच तापायला लागतं, हात ठेववत नाही इतकं. तेव्हा उघडायचं नसतं — मोडतं. फुंकर घालून उपयोग नाही, ओरडून नाही. दुसरं काहीतरी हातात घ्यायचं. थोड्या वेळाने निवलेलं असतं.

मी ह्यांचे सगळे शर्ट बाहेर काढले आणि बटणं तपासली. तीन शर्टांना लावली. लावताना मनात बिस्किटंच होती, खोटं कशाला लिहू. चौथा शर्ट घेतला तेव्हा लक्षात आलं, मघापासून नाहीयेत.

दरवेळी नाही जमणार हे. आज जमलं.


१६ मार्च, रविवार

धाकटी पुन्हा दाखल. तिच्यासाठी सूप करून नेलं, बिनमिठाचं. तीन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. “लाकडाचा भुसा उकळून आणलास काय ग?”

“मीठ चालत नाही तुला.”

“मीठ असतं तरी तेच. जिभेला काही कळतच नाही आता.”

मेहुणे औषधं आणायला गेले. ती डोळे मिटून पडली. मी डबा हातात घेऊन बसले होते आणि — बघता बघता माझा चमचा चालायला लागला. सवय! तिचे डोळे उघडे होते.

“ताई, ते खाऊ नकोस.”

“वाया जाईल.”

“जाऊ दे. लहानपणीही माझ्या ताटातलं तूच गुपचूप संपवायचीस, मला ओरडा बसू नये म्हणून. आता कोण ओरडणारे मला? टाक ते.”

मोरीत ओतलं. हात जड झाला होता. अन्न टाकायची सवय नाही. मागून म्हणाली, “आणि एक सांगते. ‘धाकटीसाठी खाणं सोडलं, धाकटीसाठी खाणं सोडलं’ असं गावभर करू नकोस. मला ओझं होतं त्याचं.”

“गावभर कुठे? फक्त ह्यांना सांगितलंय.”

“भावजींनी आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. पेचकसाचंसुद्धा!”

मी रागावून निघून आले. घरी येईपर्यंत राग गेला. तिचं बरोबर आहे. तिच्या आजारपणाला मी माझ्या कपाटाची राखण करायला बसवलंय.


१७ मार्च, सोमवार

बाईंकडे वजन केलं. उतरलंय! फार नाही. बाई म्हणाल्या, “हळूच उतरू दे. धाडकन उतरलेलं धाडकन चढतं.”


२५ मार्च, मंगळवार

वाईट दिवस.

लॅबच्या मालकांच्या मुलीचा वाढदिवस काल होता, उरलेला केक आज लॅबच्या फ्रिजमध्ये. दुपारी मेहुण्यांचा फोन — धाकटीचे रक्ताचे आकडे बिघडलेत, डॉक्टर फार बोलत नाहीत. फोन ठेवला. मास्तर बँकेत गेलेले. फ्रिज उघडला. अर्धा केक होता. बोटांनीच.

मास्तर परत आले तेव्हा माझ्या हनुवटीला क्रीम होतं. कापूस दिला, प्लास्टर पुसायचा.

घरी येऊन सरळ धाकटीला फोन लावला. का लावला माहीत नाही. शिक्षा हवी होती बहुतेक.

“मी केक खाल्ला.”

मला वाटलं आता रडेल, किंवा ठेवून देईल.

“किती?”

“अर्धा.”

“कसला होता?”

“चॉकलेटचा.”

“कसा होता? सांग ना. मऊ? वर काय होतं? आत काही होतं का?” आवाज एकदम लहानपणीसारखा. “महिना झाला मला कशाची चव आली नाही. सांग ना ग.”

मी आठवायला लागले. आठवेना! अर्धा केक पोटात, आणि तो कसा लागला ते मला ठाऊक नाही. तसंच सांगितलं.

“वा!” म्हणाली. “मला मिळत नाही म्हणून चव नाही. तुला मिळतं आणि चव नाही. दोघींचं एकच झालं की.”

मग दमली. ठेवताना म्हणाली, “उद्या काय खाशील ते नीट खा. आणि फोन कर. मला ऐकायचंय.”


२६ मार्च, बुधवार

फोन कानाशी धरून संत्रं खाल्लं. एकेक फोड. “पहिली आंबट. दुसरी कमी. तिसरीत बी आली.” ती म्हणाली, “बी कुठे ठेवलीस?” ताटलीत. “बरं. पुढे?” इतका वेळ मी एका संत्र्याला कधी दिला नव्हता. एक खाल्लं आणि दुसरं सोलावंसं वाटलं नाही.


३० मार्च, रविवार

रोज फोन. शुक्रवारी टोस्ट — “आवाज ऐकव,” म्हणाली. ऐकवला. काल अंडं. अंड्याचं वर्णन करता करता माझी दमछाक झाली, ती खोकेपर्यंत हसली. आज फार थकलेली होती, नुसतं ऐकत होती. मध्येच विचारलं, झोपलीस का? “नाही. खा तू.”

परवा वखवख आली होती. ती येते. फोन झाल्यावरही येते. पण एकदा नीट चव घेऊन खाल्लं की उभ्याने खायला जरा लाज वाटते.


३ एप्रिल, गुरुवार

पुन्हा तपासणी. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले.

“काय केलंत?” म्हणाले.

“संत्रं खाल्लं.”

त्यांना कळलं नाही. पण पास! चरबी पुरेशी उतरली. सतराला ऑपरेशन. धाकटीला खोलीत जाऊन सांगितलं. तिने माझ्या पोटावर हात ठेवला, उजवीकडे, बरगडीखाली. “इथे असतं का ते?” हो म्हटलं. बराच वेळ हात काढला नाही.


११ एप्रिल, शुक्रवार

धाकटीला यकृत मिळालं. माझं नाही!

सकाळी रुग्णालयातून फोन. कुणी एक माणूस अपघातात गेला, घरच्यांनी द्यायचं ठरवलं, रक्तगट जुळला. असं काही होईल हे आम्ही धरलंच नव्हतं. मी पोचले तोवर तिला आत नेलेलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले — नीट बसलंय, काम करायला लागलंय. मेहुणे रडत माझे हात धरून म्हणाले, “ताई, तुम्ही सुटलात!”

सुटले. आनंद झाला, फार झाला. आणि त्याच्या खाली — इथेच लिहिते — थोडं वाईट वाटलं. माझं तयार होतं.

हे तिकडेच थांबलेत. मी घरी एकटी. आता कुणासाठी करायचं काही उरलं नाही. ताट घेतलं. बसून जेवले. पुरे वाटलं तेव्हा उठले.