सुमिनुशीचा शेवट

कोमाए, तोक्यो
२ एप्रिल १९६७

ती. किनुताईस,
तोकुजीचा सा. न. वि. वि.

तीन महिन्यांनी लिहितोय हे मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तराचं पहिलं पान रागावण्यात घालवू नकोस. योकोहामाचं जहाजं रंगवायचं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. मुकादम रोज आपल्या कुरोसेच्या बोलीची नक्कल करायचा, आणि तीही वाईट करायचा. मग पंधरा दिवस सोबा शेवयांच्या गाडीवर होतो. त्या मालकाकडे एक तीन पायांचं मांजर होतं, त्याची गोष्ट फार मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी.

सध्या मी सिनेमाच्या स्टुडिओत आहे. इथे राक्षसपट काढतात. आठ दिवस खपून गुडघ्याएवढं शहर बांधतात, आणि राक्षसाचं कातडं पांघरलेला माणूस ते अर्ध्या मिनिटात तुडवतो. मी प्लास्टरची पोती वाहायला लागलो होतो. एक दिवस कातड्यातला माणूस उकाड्याने चक्कर येऊन पडला. कातडी शिवणारे म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले की हा बुटका आहे, रुंद आहे, आणि चक्कर यायला डोक्यात काही असावं लागतं तेही याच्या नाही. अशी माझी नेमणूक झाली. काम संपल्यावर बुटांतून घाम ओततो. एकदा मोजला, किटली भरली.

आता खरी बातमी. तू काढलेल्या चित्रकथेची सहाही पुस्तकं मी उशाला घेऊन फिरतो हे तुला माहीत आहे. ती कथाविभागाच्या हिरुकावासाहेबांनी पाहिली, उभ्या उभ्या वाचली, जेवायचे विसरले. त्यांना ‘सुमिनुशी’चा सिनेमा करायचाय! माणसं घेऊन, खराखुरा! ज्या पुस्तकांना आपला भाड्याच्या पुस्तकांचा दुकानदार ‘पोट बिघडलेलं कासव’ म्हणायचा, त्यांचा. करारावर तुझा सहीचा शिक्का हवा. तू ये, नाहीतर शिक्का पाठव, सोबत मला अधिकार दिल्याची चिठ्ठी. आईला साष्टांग. माझ्यावरचा राग आवरता ठेव, लोभ मोकळा सोड.

तुझा तोकुजी

•

कुरोसे बंदर
११ एप्रिल

चि. तोकुजीस,
अनेक आशीर्वाद.

आई फेब्रुवारीत पडली, कमरेचं हाड मोडलं. कळवलं असतं, पण तुझा पत्ता मांजराच्या चौथ्या पायासारखा आहे. तिला सोडून मला येता येत नाही. शिक्का सुक्या माशांच्या पुडीत, कापसात गुंडाळून पाठवलाय. मासे आधी खाऊ नकोस, आधी शिक्का शोध.

माझी एकच अट आहे. नाव बदला, रंग बदला, हवी तर शेपूट लावा, पण शेवट बदलायचा नाही. तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास, म्हणून पुन्हा सांगते. दोन नंबरच्या खाणीत आग लागली. कोळसा वाचावा म्हणून कंपनीने खाणीत समुद्राचं पाणी सोडलं आणि तोंडावर काँक्रीटचं झाकण ओतलं. आत सदतीस माणसं होती. आपले बाबा त्यांत. वर्तमानपत्रात ते ‘अपघातात दगावले’ एवढंच आलं. मला ते शब्दांत मांडता येत नव्हतं, म्हणून मी चित्रांत काढलं. माझा सुमिनुशी राक्षस समुद्रातून येतो, गावातून जाताना कुणाची वाळत घातलेली चादरही पाडत नाही, दोन नंबरचं झाकण उचलतो आणि बाजूला बसून राहतो. मग माणसं एकेक करून वर येतात आणि आपापल्या घरी जातात. बस. एवढ्यासाठी सहा पुस्तकं.

ही अट करारात लिहून घे. आणि वाचून मग शिक्का मार. दीपगृहाची नोकरी समजून तू एकदा मासेमारीच्या बोटीवर सही केली होतीस, पार उत्तरेच्या ओखोत्स्क समुद्रात जाऊन आलास. या वेळी बोट माझी आहे.

आई विचारते, कातड्यात जेवण जातं का. जपून राहा, तेवढीच आमच्यावर माया.

किनुए

•

कोमाए
३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं! कलम सात: शेवट मूळ पुस्तकाप्रमाणेच राहील. मी दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने. हिरुकावासाहेब हसले, म्हणाले की तुमच्या ताई फारच करड्या दिसतात. मी म्हटलं, तुम्ही अजून काही पाहिलंच नाही. शिक्का इतका स्वच्छ उमटला की टंकलेखन करणाऱ्या बाईंनी वाखाणला. मग साहेब म्हणाले की प्रत्येक पानाच्या समासातही एकेक मारून ठेवा, पद्धतच आहे, एखादी रेघ चुकली तर दुरुस्तीसाठी तुमच्या ताईंना पार दक्षिणेच्या क्युशू बेटावरून कुठे बोलवायचं. तिन्ही पानांवर मारले. वर डुकराच्या मांसाचे कटलेट खाऊ घातले. कोबी हवा तेवढा घ्या म्हणाले, मी तीनदा घेतला.

आणि ऐक, सुमिनुशी मीच! पायापासून डोक्यापर्यंत माझ्या मापाचा शिवतायत. मात्र नाव ‘सुमिगॉन’ केलंय, शेवटी ‘गॉन’ असलं की खेळणी खपतात म्हणे. तू नाव बदला म्हणाली होतीस. छोटं कुरोसे बांधायला घेतलंय, मी आपले फोटो दिलेत. ओरिए नावाच्या एक बाई नखाएवढी कौलं पाडतात. त्यांना आपल्या घराची मागची बाजू आठवून सांगता सांगता मला मध्येच थांबावं लागलं. त्यांनी पुढचं कौल घेतलं.

आईला सांग, जेवण जातं, पण शी-शूचे हाल. तुमची माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तोकुजी

•

कुरोसे
९ मे

चि. तोकुजीस,
आशीर्वाद.

समासात शिक्का म्हणजे काय हे मी तुला सांगितलं नाही, ही माझी चूक. सहकारी दुकानाचे कागद मी दहा वर्षं लिहिते. समासातला शिक्का म्हणजे पुढच्याने काहीही खोडावं, काहीही घालावं आणि ते तुलाच मान्य असावं. लोक तो भिडेपोटी मारतात. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, म्हणून मारतात. तुला भीड एरवी कधी शिवत नाही, नेमकी तिथे शिवली.

आईने इकडे गावभर सांगितलंय की सिनेमात माणसं वर येणार. दोन नंबरच्या नऊ विधवा तिच्या खाटेभोवती येऊन बसतात आणि कोणाचा नवरा आधी वर येईल यावर भांडतात. ओमात्सुकाकू म्हणते की माझा उशिराच येणार, त्याला कुठून उठायचंच जिवावर यायचं. पंधरा वर्षांत त्यांना मी इतकं हसताना ऐकलेलं नाही.

कराराची नक्कल आण. आजच.

किनुए

•

कोमाए
२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नक्कल मिळायला महिना लागला. आज हो, उद्या हो. सोबत पाठवतोय. सातव्या कलमावर दोन आडव्या रेघा आहेत. समासात माझ्या, म्हणजे तुझ्याच, त्या स्वच्छ शिक्क्याशेजारी लिहिलंय: अमुक अक्षरं खोडली, तमुक घातली. आता कलम असं वाचायचं: शेवट निर्मात्याच्या सोयीने राहील.

मी हिरुकावासाहेबांना धरलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. चहा मागवला. म्हणाले की मुलांना राक्षस मेलेला लागतो, झाकण उघडून बसून राहिला तर मुलं विचारतील पुढे काय. यंत्रं आणि खाणीची गाडी एका कोळसा कंपनीने फुकट दिली, त्यांचाही मान ठेवायला हवा. आणि शिक्का तर आहेच.

नवा शेवट सांगतो. मध्येच सार्वजनिक हमामात आंघोळीला जाऊन आलो, तिथे एक म्हातारा गरम पाण्यात बसून गात होता, त्याच्याकडेच बघत राहिलो. असो. सुमिगॉन गाव तुडवतो. एक तरुण खाण-इंजिनिअर त्याला हुलकावण्या देत दोन नंबरपाशी आणतो. तो आत पडतो. इंजिनिअर समुद्राचं पाणी सोडतो. वरून झाकण. गाव टाळ्या वाजवतं.

गाव तुडवायचे प्रसंग झालेत ताई. ते मीच केले. आपलं घर पहिल्याच दिवशी गेलं, पाय चुकून पडला असं मी ओरिएबाईंना म्हणालो.

पाण्याचं दृश्य २८ला आहे. मी नाही म्हटलं तर कातडं दुसऱ्याला होईल, तसा एकजण आहे. पण पाणी एकदाच सोडता येतं. टाकी फुटली की छोटं कुरोसे वाहून गेलं, दुसरं बांधायला वेळ नाही, सिनेमा उन्हाळ्याच्या सुट्टीत लागायचाय. काय करू ते लिही. तू म्हणशील ते.

तोकुजी

•

कुरोसे
२४ जून

तोकुजी,

वर ये.

दुसऱ्याला कातडं देऊ नकोस, तूच आत जा. पाणी सोडू दे, आणि मग काठ धर आणि वर ये. झाकण ढकल. सगळ्यांसमोर उभा राहा. त्यांच्याकडे दुसरं पाणी नाही, दुसरं गाव नाही. जे चित्रित होईल तेच त्यांना दाखवावं लागेल. पुढचं मी निस्तरते, पोलीस आले तरी.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

ताई

•

कोमाए
१ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. ते मी पोटाशी बांधून आत गेलो, त्याचा लगदा झाला.

कातडं पाठीमागून बंद करतात, आतून उघडत नाही. बघायला राक्षसाच्या मानेत दोन भोकं. पाणी मला वाटलं होतं तसं वरून नाही आलं, सगळीकडून आलं. कातड्याच्या आत स्पंज असतो, त्याने पाणी प्यायलं आणि मी दोन माणसांएवढा जड झालो. तरी मी काठ धरला. खरंच धरला ताई. एक हात वर टाकला, दुसरा टाकला, झाकण तारेवरून खाली येत होतं ते डोक्याने ढकललं. बोटं सुटली. पुन्हा धरला. मानेच्या भोकांतून पाणी आत यायला लागलं तेव्हा मी तुझं काम विसरलो, मग मला फक्त वर यायचं होतं. ओरडलो. कातड्याच्या आतलं बाहेर ऐकू जात नाही. झाकण बसलं. बाहेर काढलं तेव्हा वेळ मोजणारा म्हणाला की चार मिनिटं.

आणि सगळे टाळ्या वाजवत होते. दिग्दर्शकाचे डोळे भरले होते. त्याने मला मिठी मारली, म्हणाला की वीस वर्षांत कुठल्या राक्षसाला असं मरताना पाहिलं नाही. कॅमेऱ्यातली फिल्म भरधाव फिरवतात ना, म्हणून पडद्यावर ते सगळं संथ दिसतं, भारदस्त दिसतं. हिरुकावासाहेब म्हणाले की एक चौकटही कापायची नाही.

तो अभिनय नव्हता. एवढं तुला तरी माहीत असावं.

तोकुजी

•

कुरोसे
१४ ऑगस्ट

तोकुजी,

काल पाहिला. मी अडवत होते, पण आईने हातगाडी मागवली. त्या नऊजणी नवे किमोनो नेसून आल्या. कंपनीने शाळेच्या पोरांना फुकट तिकिटं वाटली होती. आपल्या गावची पोरं, त्यांतल्या दोघांचे आजोबा दोन नंबरमध्ये आहेत. पाणी सोडलं तेव्हा पोरांनी बाकांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. ओमात्सुकाकू उठून बाहेर गेली. बाकीच्या शेवटपर्यंत बसल्या, उठून गेलं तर वाईट दिसतं म्हणून.

पडद्यावर कथाकार म्हणून माझं नाव आहे. आज सकाळी वाण्याने माल वजन करून दिला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. ते मी सोसेन.

आईचं सांगते. बाबा गेले तेव्हा कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला होता की पाण्याच्या आधीच धुराने सगळ्यांना झोप लागली होती, कुणाला काही कळलं नाही. मी ते कधी मानलं नाही. तिने मानलं होतं, हे मला काल कळलं. त्याच्यावर ती पंधरा वर्षं झोपत होती. काठावरचे तुझे हात बघून ती म्हणाली की हा अभिनय नाही, हे माझ्या पोराचे हात आहेत. आणि मग म्हणाली की त्यांनीही असंच केलं असेल.

काल घरी आल्यापासून ती एकच विचारते: आत असताना किती वेळ कळत असतं. मी काही सांगितलं तर म्हणते, तू आत नव्हतीस. तुझं ती मानेल. ये, नाहीतर लिही. खोटं लिही. तिचे डोळे अक्षराला पुरत नाहीत, वाचून मलाच दाखवावं लागेल. मी दाखवीन.

किनुए

•

हाकोदाते
२ सप्टेंबर

ती. आईस,
तोकुजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी स्टुडिओ सोडला, आता इथे स्क्विड पकडायच्या बोटींवर आहे. येणार होतो, गाडीतही बसलो होतो, पण ती उत्तरेकडे जाणारी होती. इथे बंदरावर एक म्हातारी मक्याची कणसं भाजते, ती तुझ्यासारखीच गिऱ्हाइकांना रागावते. कमरेला शेक देत जा.

सिनेमा पाहिलास असं ताईने लिहिलं. तू उगाच जिवाला लावून घेतलंस. ते हात माझे नव्हेतच. पाण्याच्या वेळी कातड्याचे हात बाहेरून तारांनी ओढतात, चारजण लागतात, त्यांना त्याचा वेगळा पगार आहे. मी आत नुसता होतो. पाणी आलं ते आधी गार लागलं, मग कोमट. दहा आकडे मोजून होतात न होतात तोच डोळे मिटले. दुखलं नाही, भीती वाटली नाही, कोणी झोपेत पांघरूण घालावं तसं वाटलं. मला तर उठवावं लागलं. सगळे हसले. बाबांच्या वेळी तर आधी धूरही होता, म्हणजे दहासुद्धा नाही.

ताई हे वाचताना कुठे अडखळली, तर माझं अक्षर वाईट आहे म्हणून.

तुझा,
तोकुजी