पेतोलातलं पाऊल

प्रिय उर्शका,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, गुडघे कुरकुरतात ते काही आजचे नाहीत. फोनच केला असता, पण फोनवर तू म्हणतेस, "सगळं बरं आहे," मीही तेच म्हणते, आणि दोघी एकमेकींना फसवून फोन ठेवतो. कागदावर मला मध्येच कोणी थांबवत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी मिठागराची बातमी. आपली समुद्राकडच्या बांधाजवळची मीठ पिकवायची कोंडी यंदा जवळजवळ हातची गेली होती. तू डोंगरातली पोर, पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा कोंडीच्या तळाचा तो करडा थर, बोटाएवढाही जाड नाही, त्याकडे वाकून बघत माझ्या दारियोला विचारलं होतंस, "हे जिवंत आहे की मेलेलं?" तो म्हणाला होता, "दोन्ही. संसार आहे त्यांचा." मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याने तुला तो थर, आमचा पेतोला, समजावून सांगितला होता. शेवाळ एकटं असतं तर पाण्याबरोबर वाहून गेलं असतं, माती एकटी असती तर मिठात कालवली गेली असती. पण शेवाळ मातीला बांधून ठेवतं, माती शेवाळाला थारा देते, आणि दोघं मिळून खालचा काळा चिखल वर येऊ देत नाहीत. म्हणून आपलं मीठ पांढरं. तू ते सगळं इतकं मन लावून ऐकलंस की मी त्याच दिवशी ओळखलं, ही पोरगी काही मिठासाठी आलेली नाही.

गेल्या सप्टेंबरातली ती संध्याकाळ तुला मी कधी नीट सांगितली नाही. मीठ ओढून ढीग केलेले होते आणि अचानक वादळी पाऊस आला. पेतोलावर आम्ही लाकडी तळाच्या सपाट चपला घालूनच उतरतो, जन्मात कधी दुसरं काही घातलं नाही. दारियो मात्र रबरी बुटांसकट धावला. मीठ वाचलं, पण एका ठिकाणी टाच थर फोडून थेट चिखलात गेली. मी त्याला काय काय बोलले! "आंधळा आहेस का रे? मेंढरं तरी बघून पाय टाकतात!" तो हसत राहिला. "सकाळी लिंपतो गं आई, एवढं काय?" सकाळी आधी पिरान गावात जाऊन येतो म्हणून स्कूटर काढली, आणि पुढचं तुला माहीत आहे. माझे त्याला शेवटचे शब्द ते मेंढरांचे.

हिवाळाभर कोंडीत खारं पाणी भरून ठेवलं, थर जगावा म्हणून ठेवतो तसं. पाणी निवळ असलं की ते पाऊल तळाशी स्वच्छ दिसायचं. टाच, बुटाच्या तळाच्या रेघा, सगळं. मी रोज जायची. डोंगरातून सुटणारा बुर्या वारा कान कापायचा, तरी जायची. वसंत आला, सगळ्यांनी पाणी सोडलं, वरची काळी साय खरवडली, समुद्राच्या पाण्याने थर धुऊन पायांनी चेपून घेतला. मीही बाकीच्या कोंड्या केल्या. ही एक केली नाही. माझा हातच पुढे होईना.

आता पेतोलाचं कसं असतं, त्याला दरवर्षी खरवडलं नाही तर तो जगत नाही. वरचं मेलेलं तसंच राहिलं की खालच्या जिवंत शेवाळाला ऊन लागत नाही, ते कुजतं आणि मातीची पकड सुटते. मला हे पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तरी मी बघत राहिले. बुडबुडे यायला लागले, सडक्या अंड्याचा वास सुटला. लांब पायांचे शेकाटे पक्षीही आपली कोंडी टाळून शेजारी चरायला लागले. शेजारचा म्हातारा लुच्यानो पलीकडच्या बांधावरून रोज ओरडायचा, "ओन्दिना, नासतेय गं ती! वास तरी घे!" मी म्हणायची, "तुझं नाक तुझ्या कोंडीत ठेव." पहिलं मीठ आलं ते राखेसारखं.

शेवटी एका सकाळी म्हातारा माझ्या बांधावर येऊन बसला. त्याने कोंडीकडे बघून नाक मुरडलं. मग म्हणाला, "अगं बाई, दारियोने हा उकिरडा बघितला असता ना, तर तुला उचलून खाडीत टाकलं असतं." मला हसू आलं. तो गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता जी रडायला लागले ती थांबेचना. लुच्यानो बिचारा टोपी फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं आणि खरवडायला घेतलं. कडेकडेने सुरुवात केली, पाऊल सगळ्यात शेवटी ठेवलं. त्यात हात घालून बसले थोडा वेळ. मग भोवतालचा ओला थर तळव्याने आत ओढला, भोक बुजवलं, त्याने सकाळी लिंपलं असतं तसंच. आत फार दुखलं उर्शका, ते काही खोटं सांगत नाही. पण उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने आपलं काम केलं. थर धरला. ऑगस्टमध्ये त्या कोंडीतून इतकं शुभ्र मीठ आलं की लुच्यानोने माझ्यादेखत चाखलं आणि म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

आता खरं कारण. लुच्यानोचं ऐकून मी हात घातला असं वर लिहिलंय, ते अर्धंच आहे. त्याच दिवशी दुपारी बाजारात तुझी मावशी भेटली. बोलता बोलता तिच्या तोंडून ब्लाझचं नाव निघालं, ऑक्टोबरात घाटत असलेल्या तुझ्या लग्नाचंही निघालं, आणि मग तिने जीभ चावली. घरी येऊन मी भयंकर रागावले, मक्याचा पोलेंटा करपवला, तुला नाही नाही ते बोलले. तू ऐकायला नव्हतीस म्हणून बरं. रात्री मग लक्षात आलं की तू मला फसवत नव्हतीस, जपत होतीस. माझ्यासाठी थिजून बसली होतीस, एवढी तरणी पोर. म्हणून सकाळ झाल्या झाल्या मी कोंडीत उतरले. तू लग्न कर. माझ्या परवानगीची गरज नाही, पण तू तिची वाट बघत असशील तर ही घे. तुझी आई नाही, म्हणजे चर्चमध्ये पुढच्या बाकावर तिची जागा मोकळी असणार. तिथे मी बसेन. निळा झगा उन्हात टाकला आहे. ब्लाझला सांगून ठेव, मुलीकडची म्हातारी तोंडाळ आहे.

तुझीच, आणि तुझी हरकत नसेल तर, आई
ओन्दिना