बेबीच्या माघारी

८ जानेवारी २०१३
आज महिन्याने अंगणवाडी उघडली. पारबताबाईने (आमची मदतनीस, माझ्याहून वयाने मोठी) आधीच झाडून ठेवलं होतं. पोरं आली आणि दारातच थांबली. आत येईनात. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. दारात माझी बेबी उभी असायची, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून "जयभीम" म्हणायची, मग पोरगं आत. पोरं त्याचीच वाट पाहत होती.
पारबताबाई म्हणाली, "या ना बापा अंदर, काऊन थांबले?" तेव्हा आली.
तीन वर्षांची असताना बेबी माझ्याबरोबर इथे यायला लागली. बाकीची पोरं शाळेत गेली, ही इथेच राहिली. चोवीस वर्षांची होऊन डिसेंबरात गेली. तिच्याबरोबर खेळलेल्या पोरींची पोरं आता खिचडी खायला येतात.

१५ जानेवारी
हातपंपावर शेजारीण. "सुटली बापा पोरगी. आन् तूही सुटली."
मनात वाईट नव्हतं तिच्या. महिनाभर तिच्याच घरून आम्हाला डबा येत होता. मी पाण्याचा गुंड भरला आणि आले.
पण कशातून सुटली? सकाळी उठल्यापासून हसणारी पोरगी. एसटीला जयभीम, बैलाला जयभीम, पोस्टमनला दोनदा. तिला कुठे सुटायचं होतं?

२० जानेवारी
विहारात वंदना. शेवटी सगळे तीनदा साधू म्हणतात. बेबीचा चौथा असायचा, सगळे गप्प झाल्यावर, एकटीचा, मोठ्याने. लहान पोरं हसायची, मग तीही हसायची.
आज तीन झाले आणि कोणी उठलंच नाही. मग कोणीतरी खोकलं.

१२ फेब्रुवारी
सुनेला, सपनाला, दिवस गेलेत, दोन महिने झाले. आमच्या बंटीने जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. हे उठले आणि बाहेर जाऊन बैलांना चारा टाकून आले. नुकताच टाकलेला होता.
लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. सपना गोंदिया शहरातली, सुरुवातीला बेबीला जरा भ्यायची. बेबी सारखी तिच्या केसांना हात लावायची. पुढे रोज सकाळी वेणी बेबीच घालून द्यायची, वाकडीतिकडी. सपना तशीच वेणी घालून बाजारात जायची.
किती दिवसांनी घरात आनंद. रडूही आलं.

९ मार्च
दोघं गोंदियाला डॉक्टरीणबाईकडे जाऊन आले. तिने विचारलं, "घर में किसी को कोई तकलीफ?" बंटीने बहिणीचं सांगितलं. डाऊन सिंड्रोम, हृदयाला छिद्र, डिसेंबरात निमोनिया. ती म्हणाली, बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही, घाबरू नका, पण रक्त तपासून घ्या. त्यात शंका आली तर नागपूरला पोटात सुई घालून पाणी काढतात, त्यात पक्कं कळतं.
पक्कं कळल्यावर काय, हे बंटी बोलला नाही. मी विचारलं नाही.

१० मार्च
आज बंटीच बोलला. अंगणात मोटारसायकल पुसत होता.
"आई, तिच्यासारखं झालं तर?"
मी म्हटलं, "तिच्यासारखं म्हणजे काय रे? तुझी बहीण होती."
तर एकदम चिडला. "बहीण होती म्हणूनच विचारून राहिलो ना! शाळेत पोरं तिची नक्कल करत, तेव्हा मारामाऱ्या कोण करत होता? मीच ना? मले सांगू नको ती काय होती ते." मग फडकं टाकून खाली बसला. "मले ती रोज आठवते. पण तुले नागपूरच्या दवाखान्यात फरशीवर झोपलेली पण मीच पाहिली."
मी फडकं उचललं आणि राहिलेली गाडी पुसून काढली.

१७ मार्च
सगळे म्हणतात बेबी आनंदी होती. होतीच. मीही तेच सांगते सगळ्यांना. पण तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तीन दिवस किंचाळत होती, मला मारत होती, ते कोणाला सांगितलं मी? दर हिवाळ्यात छाती भरायची. लग्नाचं आमंत्रण यायचं आणि आणणारा हळूच म्हणायचा, बेबीले नाही आणलं तरी चालते. मग आम्ही दोघंही जात नव्हतो.
आणि माझ्यामागे हिचं कसं, हा विचार. भात उपसतानासुद्धा. ती गेली त्या दिवशी एवढ्या रडण्यात एकदा वाटून गेलं, की चला, मागे ठेवून जावं लागलं नाही. कोणत्या आईला असं वाटतं?
बहुतेक सगळ्यांना वाटत असेल. लिहीत नसतील.

२ एप्रिल
रक्ताचा निकाल आला. धोका नेहमीपेक्षा जास्त. म्हणजे आहे असं नाही, नाही असंही नाही. नागपूरची ९ तारीख मिळाली आहे. सुईने कधीकधी पोटातल्या बाळालाच इजा होते म्हणे, पण क्वचित.
सपनाच्या आईचा फोन. मला म्हणाल्या, "आप तो सब देख चुकी हैं, आप ही समझाइए उसे।" काय समझावू, ते त्यांनी सांगितलं नाही. बिचाऱ्या घाबरल्या आहेत. मुलीची आई आहेत.

४ एप्रिल
सपना सकाळी चुलीजवळ येऊन बसली.
"आई, बेबीताईबद्दल सांगा ना."
मी सुरू केलं. जयभीम, वेणी, चौथा साधू. ती म्हणाली, "ते नाही. ते मी पाहिलं. जे मी पाहिलं नाही ते सांगा. कठीण होतं ते."
मग सांगितलं. काही लपवलं नाही. पाळीचं, दवाखान्याचं, एकदा ती इथल्या गोरेगावच्या बाजारात हरवली आणि संध्याकाळी चप्पलवाल्याच्या गाड्यामागे झोपलेली सापडली ते. पोळी जळाली, दुसरी टाकली, तीही जळाली. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला आधी कळलं असतं तर?"
काय सांगणार? मी म्हटलं, "तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तिला ओळखत नव्हते. मी काय केलं असतं ते मला खरंच माहीत नाही. आता विचारशील तर मी तिला ओळखते, मग माझं उत्तर तुला काय कामाचं?"
ती रडली नाही. म्हणाली, "सगळे मला एकच बाजू सांगतात. कोणी ही, कोणी ती."
मी म्हटलं, "तू जे ठरवशील त्यात मी आहे. जायचं म्हणशील तर नागपूरला येते. नको म्हणशील तर तुझ्या आईशी मी बोलते. नंतर कधी तोंडातून शब्द काढणार नाही."
हे बोलले खरं. पाळता येईल का? यायला पाहिजे.

७ एप्रिल
आज हे बोलले! महिनाभर या विषयावर एक शब्द नव्हता. जेवताना सपनालाच म्हणाले, "मी लोकाईत बोलाचो नाही, पोरी. पहिल्यापासून. खाली मान घालून जाचो. बेबी सायकलवर मागं बसाची आन् जो भेटंल त्याले जयभीम. मग थो मानूस थांबे. मलेही थांबा लागे. असा अर्धा गाव माह्या ओळखीचा झाला."
एवढंच. मग हात धुतले आणि शेताकडे गेले.
बंटी कितीतरी वेळ ताटातला भात चिवडत बसला होता. सपना पाहत होती त्याच्याकडे.

८ एप्रिल
उद्याची तारीख. बंटीने गिरणीतून सुट्टी घेतली आहे, तिथे तो हिशेब बघतो. डॉक्टरीणबाईचे कागद पिशवीत भरून ठेवलेत.
सकाळी सपना माझ्याबरोबर अंगणवाडीत आली, पहिल्यांदाच. घरी एकटीला बसवत नाही म्हणाली. पोरांत भिंतीला टेकून बसली. पोट आता दिसायला लागलंय. एक पोरगी, चारेक वर्षांची, तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि पोटाला बोट लावून म्हणाली, "यात काय हाय?"
"बाळ."
"कसा हाय?"
माझ्या हातातला झारा थांबला. पारबताबाईही वळून पाहायला लागली.
सपना म्हणाली, "मलेही माहीत नाही व. आलं का मग पाहू आपण."
पोरीला पटलं. ती जाऊन रांगेत बसली.
सपना आमच्या घरची भाषा बोलली हे मला दोन ताटं वाढून झाल्यावर लक्षात आलं. आणि ती काय बोलली हेही. म्हणजे उद्या जायचं नाही का? का जायचं, आणि काही निघालं तरी बाळ ठेवायचं? मी विचारलं नाही. ती पदर खोचून उठली, माझ्या हातातून झारा घेतला आणि पुढच्या ताटात खिचडी वाढायला लागली.